चामखिळीची वज्री वेगळी ठेवा

दिवाळीच्या फराळाला तासन्‌तास गॅससमोर उभी होते तेव्हा टाचेखाली खडा रुतल्यासारखं व्हायला लागलं, मला वाटलं कुरूप असेल. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात उपाय सांगायला सगळेच तयार, सासूबाई म्हणाल्या चुना-सोडा लाव, शेजारच्या काकू म्हणाल्या घोड्याच्या शेपटीचा केस बांध. चुना मी लावला नाही आणि कोणी लावूही नका, तो आजूबाजूची चांगली कातडी पण जाळतो.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वरचा थर जरा खरवडून आतले काळे ठिपके दाखवले, म्हणाले ही चामखीळ आहे. लोक त्याला मूळ म्हणतात पण ते बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त असतं. कुरुपात असे ठिपके नसतात, आणि त्याच्यावरून पायाच्या रेषा सलग जातात, चामखिळीपाशी त्या तुटतात. शिवाय ही एचपीव्ही व्हायरसने होते, म्हणजे एकाची दुसऱ्याला लागू शकते, हे मला तेव्हा कळलं.

औषध म्हणून पेंट दिलं, सॅलिसिलिक अ‍ॅसिड १६.७ टक्के आणि लॅक्टिक अ‍ॅसिडही तेवढंच. महिना-सव्वा महिना मी ते रोज रात्री नुसतं थरावर थर लावत राहिले आणि फरक शून्य. अहो, हे औषध व्हायरसला मारत नाही, कडक झालेली कातडी सैल करतं फक्त, मग ती मेलेली कातडी आपण काढलीच नाही तर पुढचा थेंब खाली पोचणार कसा?

संक्रांतीपासून नीट सुरू केलं. बादलीत कोमट पाणी घ्यायचं, दहा मिनिटं पाय ठेवायचा, चामखीळ भिजलेल्या पोह्यांसारखी पांढरी फुगते, मग वज्रीने हलक्या हाताने घासायची, रक्त काढायचं नाही. पाय अगदी कोरडा करून भोवती व्हॅसलीन, मधोमध काडीने एक थेंब, तो सुकून चकचकीत पापडी झाली की वरून चिकटपट्टी. आणि हे सगळं समईपासून लांब बसून, कारण पेंट पटकन पेट घेतं, बाटलीचं झाकणही लगेच लावायचं नाहीतर आठवड्यात घट्ट होतं.

वज्रीचं मात्र मनावर घ्याच. आपल्याकडे बाथरूममध्ये एकच वज्री असते, अख्खं घर तिनेच टाचा घासतं. मी वेगळी आणली आणि खिडकीत उंच ठेवली, मुलांचे पाय आहेत घरात. हळदीकुंकवालाही मोजे घालूनच गेले, लोकांच्या फरशीवर अनवाणी जायला मन होईना.

मध्ये एकदा कातडी लाल होऊन आग व्हायला लागली, तीन दिवस औषध बंद ठेवलं, परत लावलं. चेहऱ्यावर किंवा नाजूक जागी हे लावायचं नाही, आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायाला हातच लावू नका, माझ्या सासूबाईंना मी हे बजावूनच ठेवलंय.

पंधरा दिवसांत सोडून देतात लोक, इथे बारा आठवडे धरून चालायला पाहिजे. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यापर्यंत चालत गेले तेव्हा टाच दुखली नाही, पण ठिपके होते म्हणून थांबले नाही. पाडव्याच्या आदल्या रात्री मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहिलं तर रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. दोनदा पाहिलं. सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा वज्री तिच्यात टाकून आले आणि मग गुढी उभारली.