सिग्नल्स कोअर, जिमी आणि आपलं नगर

नगर आणि लष्कर म्हटलं की लोकांना रणगाडेच आठवतात. आर्मर्ड कोअरचं सेंटर आहे, टँक म्युझियम आहे, सुट्टीत पाहुण्यांच्या पोरांना हमखास तिथे नेलं जातं. पण १९११ साली याच नगरच्या छावणीत अजून एका मोठ्या गोष्टीची सुरुवात झालेली आणि ती गावातल्या फार कमी लोकांना माहितीये, म्हणून हे लिहायला घेतलं. भारतीय सैन्याचं संदेशवहन सांभाळणारी जी सिग्नल्स कोअर आहे, तिच्या पहिल्या चार डिव्हिजनल कंपन्यांपैकी (म्हणजे सैन्याच्या एकेका मोठ्या तुकडीला, डिव्हिजनला, जोडलेल्या कंपन्या) दोन नगरात उभ्या राहिल्या.

त्याआधी सिग्नलचं काम असं एका कुणाचं नव्हतंच. तारायंत्राच्या लाईनी टाकायला सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे लष्करातले इंजिनिअर, झेंडे आणि हेलिओग्राफ (आरशावर ऊन घेऊन मोर्सच्या ठिपके-रेघांच्या खुणांत निरोप पाठवायचं यंत्र, आपल्याकडच्या कडक उन्हात ते लय भारी चालायचं) वापरायला प्रत्येक पलटणीची आपापली माणसं. मग १५ फेब्रुवारी १९११ ला उत्तर प्रदेशातल्या फतेहगढला ३१ आणि ३२ नंबरच्या कंपन्या उभ्या राहिल्या, लेफ्टनंट कर्नल पॉवेल यांच्या हाताखाली, आणि त्यांच्या पाठोपाठ नगरला ३३ आणि ३४. कोअरचा स्थापना दिवस आजही १५ फेब्रुवारीच मानतात.

यातली ३४ नंबरची कंपनी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. पहिल्या महायुद्धात ती सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. बगदादच्या दिशेने गेलेली ही डिव्हिजन मागे हटत हटत तिग्रिस नदीकाठी कुत अल अमारा गावात आली आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तिला तिथेच घेरलं. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणीही होत्या, म्हणजे आपल्याच भागातली माणसं. खायचे हाल, घोडे-खेचरं कापायची वेळ आली, विमानातून पिठाची पोती टाकून बघितली पण एवढ्या माणसांना ती कुठली पुरणार. सोडवायला आलेलं सैन्य काही मैलांवर अडकून पडलेलं आणि त्यांच्याशी बोलायला मुख्य आधार वायरलेसचा. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, जवळपास १३ हजार लोक कैदेत गेले आणि त्यातले कितीतरी परत आलेच नाहीत. लढाईच्या गोष्टीत बंदूकवाल्यांची नावं येतात, येऊ देत, पण त्या उपासमारीत फोनच्या लाईनी जोडत राहणाऱ्या आणि संदेश घेत राहणाऱ्या माणसांबद्दल दोन ओळी तरी कुठे वाचायला मिळतात?

आता बॅजबद्दल, कारण कोअरचा बॅज बघून लोक हमखास विचारतात की हा पंखवाला माणूस कोण. तो मर्क्युरी, रोमन लोकांच्या देवांचा निरोप्या. टोपीला पंख, पायाला पंख, हातात दोन साप गुंडाळलेली काठी आणि एका पायावर पृथ्वीच्या गोळ्यावर उभा. ही आकृती घेतलीये जिआंबोलोन्या या शिल्पकाराच्या सोळाव्या शतकातल्या ब्राँझच्या पुतळ्यावरून, तो पुतळा इटलीत फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो म्युझियममध्ये आहे. मूळ पुतळ्यात मर्क्युरी गोळ्यावर नाहीये, वाऱ्याच्या देवाच्या तोंडातून निघालेल्या फुंकरीवर उभा आहे, फोटो मिळाला तर नक्की बघा. ब्रिटनच्या रॉयल सिग्नल्सनेही हीच आकृती घेतली, १९२० साली त्यांची वेगळी कोअर झाली तेव्हापासूनची ती परंपरा. सैन्यात सगळे त्याला प्रेमाने जिमी म्हणतात, तिकडेही आणि इकडेही. नाव शिल्पकाराच्या नावावरून पडलं असं काहीजण सांगतात तर काहीजण जिमी एम्ब्लेम नावाच्या त्या काळच्या एका बॉक्सरवरून.

स्वातंत्र्यानंतर आपण जिमीला ठेवलं पण वरचा ब्रिटिश मुकुट काढून अशोकस्तंभाचे सिंह बसवले. मला हा निर्णय फार आवडतो. कोअरने कमावलेलं टाकून दिलं नाही आणि मान कुणाला द्यायचा तेही स्पष्ट केलं. ब्रीदवाक्य आहे 'तीव्र चौकस', म्हणजे चपळ आणि सावध, आणि झेंड्यात फिका निळा, गडद निळा आणि हिरवा असे तीन रंग, म्हणजे आकाश, समुद्र आणि जमीन, या तिन्हीवरून निरोप पोचवणारे आम्ही.

पुढे कोअरचं मुख्य घर जबलपूर झालं, आणि महूला टेलिकम्युनिकेशनचं लष्करी कॉलेज (महू म्हणजे बाबासाहेबांचं जन्मगाव, तेही छावणीचंच गाव). गोव्यातही कोअरचं ट्रेनिंग सेंटर आहे. आणि २६ जानेवारीच्या परेडला मोटारसायकलवर मनोरे करणारी डेअर डेव्हिल्सची टीम, तीही सिग्नल्सचीच! एकेकाळी लढाईत मोटारसायकलवरून डाक पोचवणारे डिस्पॅच रायडर असायचे, फौजी भाषेत डीआर, त्यांचाच तो वारसा. परेडमध्ये ही टीम असेल तेव्हा त्यांच्या झेंड्यावर जिमी दिसतोय का बघा, आणि घरात कोणी नगरचं असेल तर ३३ आणि ३४ नंबरच्या कंपन्यांचं त्यांना आवर्जून सांगा.