तुम्ही विचारलंत म्हणून : तुमची नायिका गावात राहिली, मग तुम्ही का परत आलात?

माझी कादंबरी २०२१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ग्रंथालयांच्या कार्यक्रमांत, नातेवाइकांच्या घरी, अगदी लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न मला विचारला गेला आहे. चव्वेचाळीस वर्षांची घटस्फोटित बाई मुंबई सोडून राजापूर तालुक्यातल्या आजीच्या घरी राहायला जाते, पडवीत खाणावळ काढते, गावातल्या शाळामास्तरांशी तिचे मन जुळते आणि ती तिथलीच होऊन राहते, एवढी ती गोष्ट. त्याच वयात, त्याच कारणाने, तशाच एका घरात मीही राहायला गेले होते आणि वर्षभराने परत आले, हे मनोगतात मीच लिहिले असल्यामुळे विचारणाऱ्यांचा दोष नाही. आजवर मी कधी नोकरीचे कारण सांगितले, कधी आईच्या आजारपणाचे. दोन्ही कारणे खरी होती, पण त्यांतल्या कोणत्याही कारणासाठी मी सामान बांधले नव्हते.

कादंबरी गोड करण्यासाठी मी गावातले कष्ट लपवले, असे म्हणणाऱ्यांना मात्र आधी उत्तर दिले पाहिजे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात मे महिन्यात कौले परतायला माणूस मिळाला नाही, तर जूनमध्ये माजघरात पातेली मांडून झोपावे लागते, हे माझ्या तिसऱ्या प्रकरणात आहे. माकडे आहेत, साप आहेत, चार दिवस गेलेली वीज आहे. वगळले ते घराच्या उताऱ्यावरच्या अकरा नावांचे प्रकरण. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला, हे मला ठाऊक होते आणि माझ्या चुलतभावांनाही ठाऊक होते. मी वाटणी मागितली नाही आणि त्यांनी राहू नकोस म्हटले नाही. नायिकेच्या आजीला मृत्युपत्र करायला लावून मी तो गुंता टाळला, आणि त्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही. प्रेमकथेत किती उतारे मावणार?

‘असे मास्तर कुठे भेटतात हो?’ असेही बायका विचारतात. मला भेटले नाहीत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईला आणि घर बाईच्या अंगावर, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. माझ्या वाडीतल्या सोळा उघड्या घरांपैकी सात घरांत बाईच एकटी राहत होती. त्यामुळे मी एकटी राहते याचे कोणालाही नवल वाटले नाही, आणि माझे सगळे बिघडले ते इथेच. पहिल्याच आठवड्यात विहिरीवर कोणीतरी विचारले, ‘यजमान मुंबईला?’ आणि मी ‘हो’ म्हटले. ते खरोखरच मुंबईला होते, दुसऱ्या संसारात. मंगळसूत्र मी काढले नव्हते. काढण्याचे धैर्य मुंबईत झाले नव्हते, आणि गावात ते घातलेलेच सोपे गेले.

मी २०१६ च्या मे महिन्यात गेले होते. पुढच्या फाल्गुनात शिमगा आला. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, तेव्हा बंद घरांची कुलपेही चाकरमानी येऊन उघडतात. आमचे घर सहा वर्षांनी उघडे होते. आदल्या दिवशी मी खळे सारवले. शेणाने हात कोपरापर्यंत हिरवे झाले आणि उजव्या तळव्याला पडलेली चीर रात्रभर चुरचुरत राहिली. शेजारच्या काकीने रांगोळीचे ठिपके काढून दिले. ‘ओटी मी भरू ना, काकी?’ असे मी दोनदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘अगो, घरची लेक तू, तू नाही भरायचीस तर कोण?’ त्या वाक्यावर मी पुढचे सगळे काही सहन करू शकले असते, असे तेव्हा वाटले.

पालखी दुपारी आली. ढोल थांबला, खांद्यावरची पालखी पाटावर टेकली, देवीच्या रुप्यावर ऊन पडून डोळे दिपत होते. मी खण-नारळ ठेवला आणि मागे झाले. मानकऱ्यांनी हात जोडून गाऱ्हाणे घालायला सुरुवात केली. माझ्या आजोबांचे नाव घेतले, वडिलांचे घेतले, मुंबईच्या भावांची नावे घेतली, त्यांच्या मुलांच्या परीक्षासुद्धा त्यांच्या लक्षात होत्या. प्रत्येक मागणीला सगळे ‘होय महाराजा’ म्हणत होते आणि मीही म्हणत होते. मग ते म्हणाले, ‘आई, ह्या घरची माहेरवाशीण आलीय. तिच्या कपाळाचं कुंकू राख, काय अडलंनडलं असेल ते मार्गी लाव, आणि तिला सुखानं तिच्या घरी पोचव.’

‘होय महाराजा,’ असे सगळे म्हणाले. लय अशी लागली होती की ते शब्द माझ्याही तोंडून गेले.

एवढेच घडले. कोणी टोचून बोलले नाही, कोणी मला बाजूला सारले नाही. उलट त्या वृद्ध गृहस्थांनी मनापासून माझ्यासाठी मागितले, आणि मागितले ते हेच, की मी इथून जावे. खळ्यात जमलेल्या साठ-सत्तर माणसांत तिथे राहायला आलेली मी एकटी होते आणि पोचवायला माझे दुसरे घर कुठेही नव्हते. पालखी पुढच्या घरी गेल्यावर मी माजघरात जाऊन बसले. दिवेलागण झाली तरी काकीने दिलेली पुरणपोळी तशीच झाकलेली होती. मे महिन्यात, कौले परतायच्या आधीच, मी घराला कुलूप लावले.

त्या रात्री मी वहीत लिहिले होते, ‘या गावाने मला कधी घेतलेच नाही.’ पुढची तीन वर्षे मी ते वाक्य स्वतःशी घोळवत राहिले. कादंबरी लिहिताना ते मला परत खोडावे लागले, कारण नायिका त्याच विहिरीवर पहिल्याच आठवड्यात सांगते, ‘माझा काडीमोड झालाय, मी इथे राहायलाच आलेय.’ ते वाक्य तिच्या तोंडी घातल्यावर बाकीचे गाव मला बदलावे लागले नाही. तीच काकी, तेच मानकरी, तेच खळे. फक्त गाऱ्हाणे बदलले : ‘आई, ही बाई ह्या घरात राहायला आलीय, हिला ह्या घरात सुख दे.’ वाचकांना सर्वांत जास्त आवडलेला प्रसंग तोच आहे, आणि त्यालाच ‘स्वप्नरंजन’ म्हटले गेले की मला फार लागते. गोड शेवटाची कादंबरी लिहिणे म्हणजे पळवाट, असे मीही पूर्वी सभांमधून बोलले आहे. पण हा प्रसंग लिहायला मला सात खर्डे लागले, कारण प्रत्येक वेळी मला माझे ‘हो’ आठवत होते.

तरीही सगळा दोष माझ्या त्या ‘हो’वर टाकून मोकळे होता येत नाही. मी खरे सांगितले असते, तर काकीने ओटी भरू दिली असती का? शिवाय परवा वहिनी सहज बोलून गेली की तुझे वेगळे झाल्याचे गावात पहिल्या गणपतीपासून सगळ्यांना ठाऊक होते. मानकऱ्यांनाही ठाऊक असेल, तर ते माझी झाकली मूठ राखत होते, की मला वाट दाखवत होते? ते आता नाहीत; त्यांना विचारायचे राहून गेले.

मागच्या आठवड्यात काकीचा फोन आला होता. यंदा पालखी आपल्या वाडीत पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी येणार आहे, घर झाडून ठेवू का, असे विचारत होती. मी ‘कळवते’ म्हटले आहे. अजून कळवलेले नाही.