मेक्सिकन जेवण आणि सर्व्हिस चार्ज

आज होटगी रोडला एका मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये आईला घेऊन गेलो, बार आहे म्हणून ती जरा अवघडली होती पण वेटर पोरानं कोपऱ्यातलं शांत टेबल दिलं आणि टॉर्टिया कसा करतात ते इतकं मनापासून सांगितलं, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजवतात मग दळतात, की आई भाकरीच्या पिठाचं बोलत बसली त्याच्याशी. नाचोज मऊ पडलेले, सांगितल्यावर लगेच बदलून दिले. साल्सा एक नंबर, कोथिंबीर लिंबू अगदी ताजं!

बिलात मात्र न विचारता सर्व्हिस चार्ज. २०२२ मध्येच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलंय की तो आपोआप लावायचा नाही. मॅनेजरला म्हटलं, काढला त्यानं. तेवढे पैसे मी त्या पोराच्याच हातात दिले.