डिचोलीतल्या घरघरीचा माग

संध्याकाळ झाली की माझ्या हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या परवान्याच्या वायरलेस सेटवर, १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास घरघर सुरू व्हायची आणि साखळीच्या मित्राचा आवाज तिच्यात बुडून जायचा. आपल्याकडे हॅम रेडिओला दोन मीटरची (लहरीच्या लांबीवरून पडलेलं नाव) पट्टी मिळते ती १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढीच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात गोव्यात वीज गेली, मोबाइलही ठिकठिकाणी गप्प झाले. अशा वेळी बॅटरीवरचा सेटच कामाला येतो, त्यामुळे ही घरघर सोसत बसणं मला मान्य नव्हतं.

तक्रार दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे करता येते. १९५२ पासून ही यंत्रणा रेडिओ लहरींवर नजर ठेवते. पण नुसतं 'त्रास होतो' लिहून भागत नाही. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, दिशा हातात असलेली बरी. म्हणून नोंदी घ्यायला बसलो.

आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, लॅपटॉपला जोडला. वॉटरफॉलवर, म्हणजे वेळेनुसार सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर, बारीक, स्थिर रेघ असती तर ट्रान्समीटर समजलो असतो. इथे जाड पट्टा होता. सुरू झाला की आधी घसरायचा, मग एका जागी रेंगाळायचा. तापताना सरकणारा ॲम्प्लिफायर असाच वागतो. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात टीव्ही अँटेनांच्या ॲम्प्लिफायरांनी (आपण बूस्टर म्हणतो ते) जीपीएस बंद पाडल्याचं मी वाचलं होतं, तेव्हा संशय तिकडेच गेला.

मग टायनीएसए हा खिशात मावणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर आहे ते दाखवणारं यंत्र) आणि छोटी यागी, म्हणजे एका दिशेनेच जास्त ऐकणारी अँटेना, घेऊन निघालो. आपल्या डोंगरांमुळे सिग्नल आदळून भलतीकडून येतो, म्हणून मयेच्या बाजूला उघड्या पठारावरून दिशा घेतल्या आणि नकाशावर रेघा मारल्या. त्या एका कुळागराजवळ, म्हणजे सुपारीच्या बागायतीजवळ, छेदल्या. तिथे पोचल्यावर खरी पंचाईत: सिग्नल इतका जबर की यागी कुठेही फिरवा, काटा सारखाच. अशा वेळी तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिपटीवर उमटणारा सिग्नल, ऐकावा. ४३५ वर तो क्षीण होता आणि एका कौलारू घराकडेच बोट दाखवत होता. छपरावर गंजलेली टीव्हीची अँटेना.

"काका, अँटेनेचा बूस्टर अजून चालू आहे का?"

"डिश बसवली तेव्हापासून ती अँटेना कोण बघतो रे?"

कपाटामागे बूस्टरचा ॲडॅप्टर टीव्हीच्याच बोर्डात खोचलेला होता. संध्याकाळी बातम्यांना बोर्ड चालू की तोही चालू. प्लग काढला आणि स्क्रीनवरचा उंचवटा जागच्या जागी बसला. परत लावला, परत उठला. काकांनाच स्क्रीन दाखवली. त्यांनी स्वतः प्लग काढला आणि बूस्टर मला देऊन टाकला. बूस्टरच्या डबीत पावसाचं पाणी शिरून कनेक्टर हिरवा पडला होता.

तक्रार करावी लागली नाही. पट्टीच्या खालच्या टोकाला अजून एक बारीक कुरकुर आहे, ती ऊन असतानाच येते. सोलर इन्व्हर्टर असावा. नोंदी चालू आहेत.