डेलाहँटीचं काय झालं?

आजची सगळी दुपार एड डेलाहँटीच्या मागे गेली. जुन्या बेसबॉलच्या काळात घडणाऱ्या खुनाच्या रहस्यकथा मला भारी आवडतात, पण ही खरी घटना त्यांच्याहून जास्त छळते.

हा त्या काळातला अमेरिकी बेसबॉलमधला एक नंबरचा फलंदाज. १८९६ मध्ये एकाच सामन्यात चार होमरन (एकाच फटक्यावर मैदानातला पूर्ण फेरा मारून काढलेली धाव)! १९०३ मध्ये न्यूयॉर्कचा संघ त्याला जास्त पैसे देत होता, पण खेळाडू पळवणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी लीगची (संघांच्या संघटनांची) तडजोड झाली आणि तो वॉशिंग्टनच्या संघातच अडकला. खेळाडूला विचारतंय कोण!

२ जुलैच्या रात्री दारू पिऊन गोंधळ घातला म्हणून कंडक्टरने त्याला नायगरा नदीअलीकडे गाडीतून उतरवलं. तो अंधारात रेल्वेपुलावर चालत गेला. रखवालदाराने कंदील तोंडासमोर धरला, बाचाबाची झाली. आठवड्याने प्रेत सापडलं, थेट धबधब्याखाली.

पडला, उडी मारली, की कुणी ढकललं? मला तो पडलाच असं वाटतं. पण नशेतल्या माणसाला रात्री असं एकटं सोडून गाडी निघून जाते, याचा फार राग आला. त्याच्या बायकोने रेल्वे कंपनीवर दावा लावला आणि नुकसानभरपाई वसूल केली. बरं केलं तिने.