आमची वाटचाल : फॉरमॅट न मारता

लिनक्सवर चालणारी मशीनं दुरुस्त करायच्या या धंद्यात आम्ही पडलो तेव्हा लिलोचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमचा, जमाना होता. बूट होताना मशीन एकेक अक्षर छापायचं आणि कुठल्या अक्षरावर अडलं त्यावरून दुखणं कळायचं. पुढे त्याच्या जागी ग्रब आला, मेनू आले, हाताखाली मुलं आली. कामं मिळत गेली, पगार होत गेले.

मग ते मोठं कंत्राट. एका कार्यालयाचा फाइल सर्व्हर लोड आला की रीड-ओन्ली व्हायचा, म्हणजे फाइल वाचता यायची पण लिहिता नाही; रीस्टार्ट केला की रूट डिस्क, म्हणजे जिच्यावर सिस्टिम असते ती, सापडत नाही म्हणून इनिटरॅमएफएसच्या (बूट होताना आधी चढणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिमच्या) प्रॉम्प्टवर बसायचा. आम्ही म्हटलं, मशीन एक रात्र आमच्याकडे ठेवा. तेवढ्यात दुसरी एक फर्म घुसली. टायवाली माणसं. "लिनक्समध्ये असंच होतं," म्हणाली, नवी डिस्क घातली, नव्याने इन्स्टॉल केलं, बिल घेतलं. आमचं कंत्राट गेलं. बोभाटा झाला तशी आणखी गिऱ्हाइकं गेली. पगार लांबले आणि दुकान बंद करायची भाषा घरात सुरू झाली.

टिकले ते छापखानेवाले काका. त्यांचं प्लेटचं सगळं काम आमच्या मशीनवर. त्या कार्यालयात त्यांची ऊठबस होती. सर्व्हर पुन्हा त्याच प्रॉम्प्टवर आल्याचं कानावर येताच काढलेली जुनी डिस्क त्यांनी मागून घेतली आणि आमच्या टेबलावर आणून ठेवली. डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवलं. रीअलोकेटेड (बाद होऊन बदललेले सेक्टर) शून्य, पेंडिंग (नीट वाचता न येणारे) शून्य. पण १९९ नंबरचा सीआरसी काउंटर भलताच फुगलेला. हा काउंटर डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका मोजतो. म्हणजे डिस्क धडधाकट, आतला डेटाही जागच्या जागी. जाऊन कॅबिनेट उघडलं तर डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलच्या टोकाचा खटका तुटलेला, बोट लावलं की कनेक्टर हलायचा. टायवाल्यांनी नवी कोरी डिस्क त्याच केबलला जोडली होती!

केबल बदलली, काम झालं. कंत्राट परत आलं. 'तुमचं बरोबर होतं' एवढं मात्र आजवर कुणी म्हटलेलं नाही.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. १९९ चा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही. तो लिहून ठेवा आणि पुढे वाढतोय का तेवढं बघा. १९७, म्हणजे पेंडिंग, वाढत असेल तर एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम दुरुस्त करणारं टूल, चालवायची घाई नको. ते डिस्कवर लिहितं, आणि मरत्या डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. आधी डीडीरेस्क्यू या टूलने दुसऱ्या डिस्कवर इमेज (हुबेहूब नक्कल) घ्या, मॅपफाइल (कुठवर वाचलं याची नोंद) देऊन, म्हणजे मध्ये तुटलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. नुसत्या जर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या लॉगच्या, भरवशावर राहू नका. रूट रीड-ओन्ली झाल्यावर लॉग डिस्कवर उतरतच नाही, तेव्हा स्क्रीनचा फोटो काढा. कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट केल्यावर रूट माउंट होत नाही म्हणून पॅनिक आला, म्हणजे सिस्टिम तिथेच थांबली, तर ग्रबमधून जुना कर्नल निवडा आणि बूट पार्टिशन भरलंय का बघा. जागा संपल्याने अर्धवट बनलेली इनिटरॅमएफएस आम्ही ढिगाने पाहिली. बारा व्होल्टची लाइन लोडवर ११.४ च्या खाली गेली तर सॉफ्टवेअरला हात लावूच नका, पॉवर सप्लाय बदला. आणि बॅगेत खात्रीची एक केबल ठेवा, फक्त तपासायला. गिऱ्हाइकाकडे विसरायची नाही.

त्या फर्मच्या एका मुलाचा मध्यंतरी फोन आला होता, सर्व्हर इनिटरॅमएफएसवर अडकलाय म्हणून. सांगितलं त्याला सगळं. बिलही पाठवलं. पैसे अजून यायचेत.