आठ टोकांचा तारा: मधलं टेंगूळ गेलं!

लेमॉयन स्टार, म्हणजे गोधडीतला (क्विल्टमधला) आठ डायमंडांचा तारा. त्याचा 12 इंची ब्लॉक (चौकोनी तुकडा) काल इस्त्रीखालून निघाला तो मधोमध सपाट. आठही टोकं एका बिंदूत! बोट फिरवलं तर जाडी जाणवते, पण उंचवटा नाही.

मापं नेहमीचीच: 3 इंची कापडी पट्टीतून 45 अंशांवर कापलेले डायमंड, कोपऱ्यांना 4 इंची चौकोन, आणि सव्वासहा इंचाचा चौकोन दोन्ही कर्णांवर कापून बाजूचे त्रिकोण. अडत होतं ते मध्यात. आठ डायमंड जोडले की तारा मधून वर उचलला जायचा. इस्त्रीने दाबला की बसायचा, गार झाला की पुन्हा उभा.

मध्यात माया (शिवणीबाहेरचं पाव इंच कापड) साठते म्हणून फुगतं, असं बरेच जण सांगतात. मला ते अर्धंच पटतं. नुसत्या मायेने मध्यात गाठ होईल. अख्खा तारा शंकूसारखा उठत असेल तर आठ कोनांची बेरीज 360 अंशांना कमी पडतेय. एकेक कोन अर्ध्या अंशाने लहान झाला तरी आठांत मिळून 4 अंश गेले. उलट, कडा लाटांसारख्या झाल्या तर बेरीज वाढलीय किंवा उरेब कड (धाग्यांना तिरकी कापलेली) ताणली गेलीय.

म्हणून सगळं उसवून जोडीजोडीने तपासलं. दोन डायमंडांची जोडी चौकोनी मोजपट्टीच्या कोपऱ्यात नेमकी बसायला हवी, 90 अंश. बसत नव्हती. शिवण बाहेरच्या बाजूला बरोबर पाव इंच, पण मध्याकडच्या अणकुचीदार टोकाशी अरुंद. मशिनचे दाते ते टोक ओढून घेतात आणि कापड किंचित फिरतं. फरक नजरेला दिसतही नाही, कोनात मात्र दिसतो.

आता मशिनला सुईखाली एकच बारीक भोक असलेली प्लेट लावते आणि टोकाखाली पातळ कागदाचा कपटा ठेवते. शिवून झालं की फाडून टाकायचा. उलट बाजूला पेन्सिलने शिवणीची रेघ. उरेब कड खाली, सरळ धाग्याची वर. टाके शिवणीच्या दोन रेघा मिळतात त्या बिंदूवर थांबवायचे, मायेत शिरू द्यायचे नाहीत. त्यामुळे शेवटी आठही माया एकाच दिशेने फिरवून दाबता आल्या. अर्धा तारा झाला की त्याची कड मोजपट्टीला लावून बघा. तिथे फट दिसली तर पुढे जाऊच नका.

कापण्याआधी कापडाला कडक खळ, याला पर्याय नाही. दोरा सुती, 50 नंबरचा. जाड दोरा पाव इंचात जागा खातो. डायमंडची वेगळी महागडी मोजपट्टी मात्र घेऊ नका, साध्या पट्टीवरची 45 अंशांची रेघ पुरते.

कोपऱ्याचे चौकोन आत बसवणं सोपं गेलं, बिंदूपासून बिंदूपर्यंत.

असे नऊ एकसारखे तारे करायचे ठरलं होतं. पण हे लिहितानाच सुचलं: पावणेदोन इंचाच्या दोन पट्ट्या जोडल्या तर रुंदी 3 इंचच होते! ती जोडपट्टी 45 अंशांवर पावणेदोन इंचांनी कापून दोन-दोन तुकडे उलटसुलट जोडले, तर प्रत्येक डायमंड चार छोट्यांचा होईल आणि बाकी मापं जशीच्या तशी राहतील. मग गडद रंग मध्यात ठेवायचा की टोकांना? पुढचा ब्लॉक असाच करतेय, आधी गडद मध्यात.